पाटीवरचं नाव

जुलैतला पहिला तास. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी सांगते तेच सांगितलं: वहीचं अर्धं पान फाडा आणि फ्रेंच का घेतलं ते एका ओळीत लिहा. नाव नको.

बहुतेक चिठ्ठ्या ओळखीच्या. अकरावी-बारावीला होतं, मार्क चांगले पडतात. मैत्रिणीने घेतलं. कॅनडाला जायचंय (तिथे स्थायिक व्हायच्या 'एक्स्प्रेस एन्ट्री' या गुणपद्धतीत उत्तम फ्रेंचला 50 पर्यंत जादा गुण मिळतात, हे मुलांना पाठ असतं). ही कारणं मला कधीच हलकी वाटली नाहीत. फी घरचे भरतात, पोरांनी हिशेब करायलाच हवा.

एका चिठ्ठीवर होतं: 'बागेतल्या पाटीवरचं नाव नीट वाचता यावं म्हणून.'

कुणाची, म्हणून विचारलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. दिंडोरीकडचा. घरी आधी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं होती, मग वडिलांनी दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली. "आम्ही चेनिन म्हणतो मॅडम. कंपनीचे साहेब वेगळंच म्हणतात. म्हणून पप्पा त्यांच्यासमोर नावच घेत नाहीत. 'ती पलीकडची बाग' म्हणतात."

माझा गळा दाटून आला. ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर ते नाव लिहिलं: Chenin Blanc. सी-एचचा श. शेवटच्या आय-एनचा नाकातला अँ, तो आपल्याला जड नाही. ब्लाँचा शेवटचा सी लिहायचा, उच्चारायचा नाही. शनँ ब्लाँ. सगळा वर्ग म्हणाला, तो सर्वांत हळू.

ही वेल मूळची फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "तिथे छाटणी किती वेळा?" एकदाच, हिवाळ्यात, म्हटलं. मग तोच वर्गाला सांगू लागला: आमच्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळाची. पुढची दहा मिनिटं मीही विद्यार्थिनीच होते.

तास संपल्यावर तो टेबलापाशी थांबला. "दुसऱ्या प्लॉटचं पण सांगा ना." सोव्हिन्यों. जी-एनचा न्य, आपल्या 'धन्य'मधला. त्याने वहीच्या समासात देवनागरीत लिहून घेतलं.

मी हजेरीपट उचलून बाहेर आले, तर तो जिन्यात फोनवर होता. "पप्पा, गाडी बाजूला घ्या आधी. हां, आता माझ्यामागं म्हणा. श... नँ."