तुम्ही विचारलंत म्हणून: तो फुर्र आवाज

भाषांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, ते अ‍ॅमेझॉनमधल्या लोकांचं फुर्र करणारं व्यंजन खरंच आहे का, आणि असेल तर काढून दाखवा ना.

आहे. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात ओरो विन आणि वारी अशा एकाच कुळातल्या दोन भाषा आहेत, दोन्हींत तो आवाज आहे. आपल्या 'त'ला जीभ दातांना लावतो तशी लावायची, ओठ अगदी हलके मिटलेले ठेवायचे, आणि जीभ सोडली की त्याच हवेने ओठ थरथरतात, घोडा फुरफुरतो ना तसे. गळ्यावर हात ठेवून बघा, तिथे काही हलत नाही, नुसती हवा. पीटर लेडफोगेड आणि डॅनियल एव्हरेट या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये त्यावर पेपर लिहिला.

मला सांगावीशी वाटते ती पुढची गोष्ट. तिथून ईशान्येला साधारण 500 किलोमीटरवर पिराहा लोक राहतात, त्यांची भाषा या कुळातली नाहीच, तरी हा आवाज त्यांच्यातही आहे. एव्हरेट 1977 पासून त्यांच्यात जाऊन राहिलेला, भाषा शिकलेला माणूस, आणि तरी त्यांच्या तोंडून हा आवाज त्याला कित्येक वर्षं ऐकूच आला नव्हता. त्याचा अंदाज असा की बाहेरचे लोक ऐकून हसायचे, म्हणून पिराहा परक्यांसमोर तो काढतच नसत. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं, कारण 'पानी' म्हटलं म्हणून वर्गात हसू झालं की पोरगं तोंडच उघडत नाही, हे मी इथे बघितलंय.

ओरो विनचं तर हसण्याच्याही पलीकडे गेलं. जंगलात रबराचा चीक गोळा करणाऱ्या रबरवाल्यांनी 1960 च्या दशकात त्यांची कत्तल केली, वाचले त्यांना नंतर वारी लोकांच्या वस्तीत नेऊन ठेवलं, तिथेच लग्नं झाली, मुलं वारी बोलत मोठी झाली आणि ओरो विन बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. वारी बोलणारे अजून दोन हजारांच्या वर आहेत, एवढा तरी आधार आहे.

तेव्हा आवाज काढून दाखवते मी, पण आधी हे सगळं सांगते, मगच. आणि घरी करून बघायचा असेल तर 'ती' म्हणून नका बघू, 'तो' किंवा 'तू' म्हणायला जा, ओठ गोल झाले तरच जमतं, वारी भाषेतसुद्धा तो गोल ओठांच्या स्वराआधीच येतो.