अवे डायरी : पाच मैदानं झाली, जमशेदपूर राहिलंय

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट लिहितेय. मागच्या वेळी आकडा तीन होता, आता पाच झालाय. बालेवाडी (पुणे), फातोर्डा (गोवा), सॉल्ट लेक (कलकत्ता), गचिबावली (हैदराबाद) आणि गेल्या महिन्यात कांतीरवा (बंगलोर). नवीन कोणी असेल तर सांगते, मी इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी या फुटबॉल टीमची फॅन, राहायला कल्याणला, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टची, आणि टीमच्या मागे बाहेरगावची मैदानं जमतील तेवढी बघायची हा माझा नाद. वहीत प्रत्येक मॅचची तारीख, गाडी, खर्च, रजा किती गेल्या सगळं लिहून ठेवते. यावेळी न गेलेल्या मॅचेसबद्दलही लिहिणार आहे, कारण ती यादी जास्त लांब आहे आणि आपल्यात दर सीझनला तोच वाद निघतो की मुंबईचे लोक अवेला, म्हणजे दुसऱ्या टीमच्या मैदानावरच्या मॅचला, येत नाहीत, प्रेमच कमी आहे. मला हे अजिबात पटत नाही आणि का ते वहीतूनच दिसतं.

आधी कांतीरवा. ११ मार्च २०२५ ला मंगळवारी त्याच मैदानावर आपण २-० जिंकलो आणि प्लेऑफची (लीगनंतरच्या बाद फेरीची) शेवटची जागा मिळवली, तेव्हा मी लॅबमध्ये सँपल लावता लावता स्कोअर बघत होते. मग कळलं की प्लेऑफ परत बंगलोरशीच, परत तिथेच, २९ मार्चला. शनिवार म्हटल्यावर माझं मनाने ठरलंच, पण रविवारी पाडवा आणि सोमवारी ईद, सलग सुट्ट्या, वेटिंगचा आकडा बघूनच समजलं की हे तिकीट काही कन्फर्म होत नाही. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकशेवीस होतं) आणि प्लेऑफ कुठे आणि कोणाशी हे कळतं जेमतेम दोन-अडीच आठवडे आधी, तोवर गावी जाणाऱ्यांनी सगळ्या बर्थ घेतलेल्या असतात. शेवटी स्लीपर बस, सुट्ट्यांमुळे भाडं जवळजवळ दुप्पट, आणि जाऊन काय बघितलं तर ०-५. पाच गोल खाल्ले. चौथ्यानंतर आमच्या कोपऱ्यातले दोघंतिघं उठून गेले, त्यांची बस होती. मी शेवटच्या शिट्टीपर्यंत बॅनर खाली घेतला नाही.

परत यायची बस अकराची. कल्याणला घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. पूजा, जेवणं सगळं झालेलं, पण आईने गुढी उतरवली नव्हती, सूर्यास्ताच्या आधी उतरवायची असते म्हणून माझी वाट बघत थांबली होती. हातपाय धुतल्यावर आधी कडुलिंबाचा पाला हातावर ठेवला, मग वाटीत श्रीखंड. स्कोअर तिने विचारला नाही. गुढी आम्ही दोघींनी मिळून उतरवली. गेल्या दहा वर्षांत घरचा पाडवा पहिल्यांदा चुकला असता तो थोडक्यात वाचला.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण अवेला जायचं की नाही हे ठरतं ते अशा गोष्टींवर. मॅच किती मोठी आहे हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे असायला हवं.

फातोर्ड्याचं उदाहरण घ्या. मुंबईला सगळ्यात जवळचं अवे मैदान आता हेच, रेल्वेने सहाशेच्या आत. शुक्रवारी रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली की शनिवारी दुपारच्या आत मडगाव. पण परतीची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच निघते आणि मॅच असते साडेसातची, म्हणजे मैदानावर वॉर्म-अप चाललेला असताना आपली गाडी गेलेली. मग रात्री मुक्काम आणि सकाळी मांडवी. याचा हिशोब असा, की शनिवारी फातोर्डा म्हणजे शून्य रजा आणि बुधवारी फातोर्डा म्हणजे दोन. ११ फेब्रुवारी २०२३ ला शनिवार होता म्हणून मी तिथे होते, ५-३ जिंकलो, लीग शील्ड (लीगमध्ये पहिल्या नंबरला मिळतं ते) नक्की झालं, आणि रात्री मडगावात एका छोट्या खानावळीत आम्ही अकरा जणांनी उभ्याने पोळी-भाजी खाल्ली कारण बसायला जागा नव्हती, गोव्याचे दोन फॅन शेजारीच होते, त्यांनी आपणहून अभिनंदन केलं.

आणि २४ एप्रिल २०२४ ला बुधवार होता म्हणून मी तिथे नव्हते. सेमीफायनलच्या दोन मॅचपैकी पहिली. नव्वदाव्या मिनिटाला आपण ०-२ मागे आणि मॅच संपली तेव्हा ३-२ पुढे. छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते. तीन गोल सहा-सात मिनिटांत. मी दुसरी शिफ्ट संपवून लोकलमध्ये होते, डोंबिवलीच्या आधी नेट गेलं तेव्हा ०-२ होतं आणि कल्याणला उतरून फोन बघितला तर काही समजेचना, आधी वाटलं ॲपच चुकलंय. त्या रात्री आपले जेवढे लोक स्टँडमध्ये होते त्यांचा मला आजही हेवा वाटतो. त्यांच्यापैकी एक आमचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, पास आहे, वेळ आहे, आणि घरी विचारणारं कोणी नाही. ते माझ्यापेक्षा मोठे फॅन आहेत असं तेही म्हणणार नाहीत. त्यांना गुरुवारी सकाळी कुठेही पोचायचं नव्हतं, एवढाच फरक.

आता बालेवाडी, आणि हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मी अवेला जायला शिकले ती तिथे. ऑक्टोबर २०१६, उरुग्वेचा स्टार फोर्लान आपल्याकडे होता तो सीझन, पहिलीच मॅच पुण्यात, सोमवारी. दादा म्हणाला चल, रात्री परत येऊ. हायवेवर उतरलो की स्टेडियम समोर, मॅच संपली की त्याच हायवेवर उभं राहायचं, मुंबईकडे जाणारी बस मिळायचीच. १-० जिंकलो आणि मी मंगळवारी सकाळी कॉलेजला हजर होते. दुसऱ्यांच्या मैदानावर उभं कसं राहायचं, कुठे ओरडायचं, कुठे गप्प बसायचं, बाहेर पडताना जर्सीवर शर्ट कधी घालायचा, हे मी तिथे दोन-तीन मॅचमध्ये शिकले. घरच्यांनाही सवय झाली की ही जाते आणि नीट परत येते. त्या सवयीवरच पुढे गोवा मिळालं, आणि गोव्यावर कलकत्ता.

२०१९ ला एफसी पुणे सिटी बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. आपण डर्बी (शेजारच्या शहराशी होणारी चुरशीची मॅच) गेली म्हणून हळहळलो, पण मला वाटतं त्याहून मोठं नुकसान हे झालं की शिकायची जागा गेली. दीडशे किलोमीटरवर रात्री जाऊन रात्री परत येण्यासारखं एकही मैदान उरलं नाही. आज जो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी अंधेरीच्या आपल्या मैदानावर नॉर्थ स्टँडमध्ये उभी राहते तिची पहिली अवे थेट दोन रात्रींची असते, लॉजच्या खर्चासकट. घरून कोण पाठवेल?

इंग्लंडशी तुलना करणाऱ्यांनी जरा नकाशा बघावा. न्यूकॅसल ते बोर्नमथ हा तिथला सगळ्यात लांबच्या प्रवासांपैकी एक, तो साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे त्यांचं सगळ्यात लांब ते आपलं सगळ्यात जवळ. शिवाय तिथे पाहुण्या फॅन्ससाठी तीन हजार किंवा स्टेडियमच्या दहा टक्के, जे कमी असेल तेवढा कोटा ठरलेला, आणि २०१६-१७ पासून अवे तिकिटाला तीस पौंडांची मर्यादा. तिथेही टीव्हीसाठी मॅचची वेळ बदलली की शेवटची ट्रेन चुकते म्हणून लोक भांडतातच. आपल्याकडे मी जिथे जिथे गेले तिथे पाहुण्यांना कुठे बसवायचं याची पद्धत वेगळी, एका ठिकाणी गेटवरच्या माणसाला अवे स्टँड हा शब्दच समजत नव्हता, आम्ही पाऊण तास इकडून तिकडे फिरलो. कोल्हापूरची माझी मैत्रीण हे ऐकून म्हणते, आमच्याकडच्या फुटबॉल टीम, पाटाकडील काय, दिलबहार काय, शिवाजी काय, सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात, घर सोडलं की दहा मिनिटांत आपल्या पेठेच्या लोकांत. तिकडे गर्दी का होते ते मला यातून नीट कळलं.

सणांचं तर वेगळंच. २०२४-२५ ची पहिली मॅच सॉल्ट लेकवर, १३ सप्टेंबर. आमचा गणपती सात दिवसांचा, विसर्जन नेमकं त्याच दिवशी. मी आरतीत होते, २-२, बरोबरी नव्वदाव्या मिनिटाला. आणि २०२३ ची एएफसी चॅम्पियन्स लीगची (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) इराणच्या नस्साजीविरुद्धची मॅच, ती तर आपली होम मॅच, पण बालेवाडीत, १८ सप्टेंबरला, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी घरात गणपती बसणार. एवढी वर्षं वाट बघून बालेवाडी परत मिळाली आणि मी मखराला कागद चिकटवत बसले होते. कोकणातल्या पोरांना तर विचारूच नका, ती आठ दिवस आधीच गावी पोचलेली.

बायकांचं एक वेगळं कारण आहे ते फार कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मॅच साडेनऊला संपते, गर्दी ओसरेपर्यंत पाहुण्यांना आत थांबवतात, बाहेर पडायला साडेदहा. अनोळखी शहर, फोनची बॅटरी संपत आलेली कारण पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत, आणि लॉज कुठे. मी आता नियमच केलाय, लॉज स्टेडियमपासून चालत जाता येईल असाच घ्यायचा, भाडं दोनशे-तीनशे जास्त गेलं तरी चालेल, आणि सॅक आधीच तिथे टाकायची कारण गेटवर बॅगा अडवतात. गचिबावलीला नोव्हेंबरमध्ये हे सगळं नीट जमलं, हुसेनसागर एक्सप्रेसने गेले, १-० जिंकलो, पायी लॉजवर. बाकी त्या ट्रिपबद्दल सांगण्यासारखं काही नाही आणि अशीच ट्रिप हवी असते.

कलकत्ता मात्र सांगायलाच हवं. २०२१ ला आपण पहिल्यांदा आयएसएल ट्रॉफी जिंकलो तेव्हा कोविडमुळे फातोर्ड्याचे स्टँड रिकामे होते, बिपिनने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला तो आपल्यापैकी एकानेही डोळ्यांनी बघितला नाही. म्हणून २०२४ ची फायनल ठरल्यावर मी दुसरा विचार केला नाही. सेमी संपली सोमवारी, फायनल शनिवारी ४ मेला. बुधवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून दहाच्या ठोक्याला तत्काळला बसता आलं, नाहीतर जमलंच नसतं. गुरुवारी रात्री कल्याणला हावडा मेल, शनिवारी पहाटे हावडा. रजा दोन गेल्या, त्या बदल्यात मी दिवाळीत ड्युटी केली.

बॅनर माझा, मांजरपाटाचा, बारा फूट, निळ्या रंगात एवढंच लिहिलंय, "आम्ही आलोय". गाडीत तो उशाला घेऊन झोपते, रंगाचा वास अजून जात नाही. सॉल्ट लेकच्या गेटवर पोलिसांनी पूर्ण उलगडायला लावला आणि काय लिहिलंय विचारलं. मागे मोहन बागानचा एक म्हातारा फॅन उभा होता, हिरव्या-मरून मफलरमधला, मे महिन्यात मफलर, त्याने माझं हिंदी ऐकून बंगालीत समजावलं, मग सोडलं. अधिकृत आकडा ६२,००७ होता त्या दिवशी. त्यात आपण एका कोपऱ्यात. हाफ टाइमला ०-१. तोपर्यंत मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. डियाझने बरोबरी केली, एक्याऐंशीव्या मिनिटाला परत बिपिन, आणि तेवढं सगळं स्टेडियम असं शांत झालं की मला शेजारच्या मुलीच्या बांगड्या वाजताना ऐकू आल्या. ती रडत टाळ्या वाजवत होती. मग वोयटुशचा तिसरा. ३-१. आम्हाला तासभर आत थांबवलं, कोणालाच घाई नव्हती.

आता पुढचं. जमशेदपूर. गीतांजली एक्सप्रेसने टाटानगर, म्हणजे जमशेदपूरचं स्टेशन, गाठायला एक दिवसाहून जास्त लागतो, म्हणजे शनिवारची मॅच पडली तरी तीन रजा. मी लॅबमध्ये आतापासून दोघींशी शिफ्टची अदलाबदल बोलून ठेवलीये, एकीला मे महिन्यात लग्नाला जायचंय, तिचे चार दिवस मी करणार. काका येतो म्हणालेत. गुवाहाटी त्याच्यानंतर, त्याला निदान आठवडा हवा.

बंगलोरहून येताना बसच्या डिकीत पाणी शिरलं आणि बॅनरवरच्या "आम्ही" मधला "म्ही" फुटलाय, निळा सगळा पसरलाय. ऊन चांगलं आहे तोवर या रविवारी गच्चीत टाकून परत रंगवतेय. कापडावर पाण्याने न फुटणारा रंग कोणी वापरला असेल तर कंपनीचं नाव आणि कुठे मिळतो ते सांगा, आणि जमशेदपूरला कोण कोण येतंय तेही आत्ताच कळवा, बुकिंग उघडलं की एकाच डब्यात घेऊ.