ट्रोलिंग मोटर बसवायचीय? आधी बॅटरीची जागा ठरवा

मासेमारीची छोटी बोट हातात आली की तिला ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर हळू चालणारी छोटी मोटर, बसवायला पहिली घाई ड्रिल मशीन काढायची असते. मोटरचा क्लॅम्प कुठे, रॉड होल्डर किती, पुढे डेक म्हणजे उभं राहायला सपाट फळी करायची का वगैरे. माझं म्हणणं असं की हे सगळं राहू दे, आधी बॅटरी कुठे बसणार ते ठरवा. १०-१२ फुटी बोटीत माणसं सोडली तर सगळ्यात जड वस्तू तीच असते. १०० अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड डीप सायकल (बराच वेळ सलग करंट देणारी) बॅटरी २५ ते ३० किलोची भरते, आणि बहुतेक जण ती मोटरला खेटून मागेच ठेवतात कारण मोटरची वायर तेवढीच पुरते. मग होतं काय, मोटर मागे, बॅटरी मागे, टिलर (मोटर वळवायचा दांडा) धरून बसलेला माणूस पण मागे, आणि बोटीचं नाक आभाळाकडे. त्यात जरा वारा सुटला की तो वर आलेल्या नाकालाच ढकलतो आणि बोट सरळ जायचं नाव घेत नाही, आपण नुसता टिलर इकडून तिकडे करत बसतो आणि मासे राहतात बाजूला.

म्हणून मोटर मागच्या फळीवर असेल तर बॅटरी पुढे किंवा निदान मधल्या बाकाखाली. वायर लांबते हे खरं, आणि १२ व्होल्टला लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतं, त्यामुळे इथे कंजूषपणा नको. ५५ पाउंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे मोटरचा ढकलण्याचा जोर) मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, एवढा करंट बारीक वायरमधून गेला की वायर तापते. ६ गेज जाडीची, कथिलाचा मुलामा असलेली मरीन केबल घ्या, आणि ब्रेकर (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) बॅटरीजवळच लावा, मोटरजवळ नाही. वायर मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधला तुकडा वाचवायला कोणीच नसतं ना. ब्रेकर किती अँपचा ते मोटरच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेवढाच घ्यायचा, उगाच मोठा नाही.

लिथियम घ्यायची ऐपत असेल तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १०-१३ किलोची असते आणि जवळपास पूर्ण वापरता येते, लेड अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. फक्त चार्जर लिथियमला चालणारा हवा. लेड अ‍ॅसिडच ठेवणार असाल तर हवा खेळणाऱ्या बॉक्समध्ये पट्ट्याने बांधून ठेवा, बंद खणात नको, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो.

थ्रस्टचा हिशोब सोपा आहे, माणसं, सामान, बॅटरी सगळं धरून भरलेल्या बोटीच्या दर १०० किलोमागे साधारण ५ पाउंड. ४०० किलोला २० पाउंड म्हणजे कमीत कमी हं, वारा आणि प्रवाह असतील तर ४०च्या आसपासची घ्या आणि हळू चालवा. आणि थ्रस्ट म्हणजे वेग नव्हे, ५५ची घेतली म्हणून बोट पळायला लागणार नाही.

आता बसवण्याबद्दल. मागच्या फळीवरची मोटर क्लॅम्पच्या दोन स्क्रूंवर असते आणि ते थरथरीने सैल होतात, म्हणून फळी पातळ असेल तर आत-बाहेर लाकडाचा ठोकळा लावा आणि मोटरला एक दोरी बांधून बोटीला अडकवा. ही दोरी लोक हसण्यावारी नेतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. शाफ्टची (मोटरच्या पाण्यात जाणाऱ्या दांड्याची) खोली अशी ठेवा की पंखा पूर्ण पाण्याखाली राहील, वर निदान वीतभर पाणी, नाहीतर लाटेवर पंखा हवा ओढतो, आवाज होतो आणि मासे पळतात.

पुढे बसवली तर मोटर बोटीला ओढते, आणि ओढलेली बोट ढकललेल्या बोटीपेक्षा कितीतरी शहाण्यासारखी वळते. त्यासाठी महागडी बो माउंट, म्हणजे खास पुढच्या टोकाला बसवायची मोटर, घ्यायलाच हवी असं नाही, मागच्या फळीवर लावायच्या बऱ्याच मोटरींचं डोकं एक स्क्रू काढून १८० अंशात फिरवता येतं, मग तीच मोटर पुढे लावून चालते. मोटर पुढे गेली की बॅटरी मागे, हिशोब उलटा. ब्रॅकेट मात्र आरपार बोल्ट आणि खाली जाड पट्टी देऊनच बसवा, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात नुसते स्क्रू मारले तर कधीतरी ब्रॅकेटसकट उपटून येतात. स्टेनलेस बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर टाका, खाऱ्या पाण्यात तर नक्कीच, नाहीतर भोकाभोवती अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

आणि एकही भोक पाडायच्या आधी सगळं सामान भरून, माणसं बसवून बोट उथळ पाण्यात तरंगवा आणि कोणाला तरी काठावरून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

सामानाचं म्हणाल तर नियम एकच, जड ते खाली आणि मध्ये. उंच डेक फोटोत छान दिसतो पण त्यावर उभं राहिलं की वजन वर जातं आणि अरुंद बोट डुलायला लागते, मला तरी तो सौदा पटत नाही. बाकाखाली जागा दिसते म्हणून तिथला फोम काढून खण करायचा मोह होतो, तो अजिबात करू नका, बोट पाण्याने भरली तर तोच तुम्हाला तरंगत ठेवणार आहे. रॉडसाठी बाजूच्या कडेला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि बंजी दोरी पुरते, टोकं पायाखाली येणार नाहीत एवढं बघा. गळांचे चपटे डबे उभे लावा आणि रबरी आमिष त्यांच्या मूळ पाकिटातच असू दे, कडक प्लॅस्टिकच्या आमिषांना चिकटून ती वितळतात आणि डब्यात नुसता चिकट गोळा उरतो. ओले गळ डब्यात परत टाकू नका, एकाचा गंज सगळ्यांना लागतो. लाइफ जॅकेट अंगावर, डब्याखाली दाबलेलं नाही.

वल्हं बोटीत राहू दे, मोटर आहे म्हणून घरी ठेवू नका. शिवाय पंख्याची एक जादा पिन, नट आणि पक्कड एका छोट्या डबीत घालून ती बाकाला बांधा, पिन दगडाला लागून तुटते ती नेमकी काठापासून लांब. पंखा काढलाच आहे तर त्याच्या मागे गळाचा दोरा गुंडाळला गेलाय का तेही बघा, तो सील (पाणी आत येऊ न देणारी रबरी चकती) कापतो आणि मोटरमध्ये पाणी शिरतं.