घरी हरिपाठ, मग शाळेतल्या गीतापठणाला नकार का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नकार्यात हेच ऐकावं लागतं म्हणून, एकदाचं लिहून टाकते. आमच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. सासरे माळकरी, आषाढीची वारी चुकवत नाहीत. तरी मुलीच्या शाळेतल्या रोजच्या गीतापठणाला मी लेखी नकार दिला. मी नास्तिक झालेले नाही आणि मला कुणी फूसही लावलेली नाही.

शाळा अनुदानित. तिथे पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम 28 मध्येच आहे. संमती कुणालाच विचारली नव्हती. मी मुख्याध्यापकांना भेटले, तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही तर आपल्याच. बाकी कुणाची तक्रार नाही."

मुलीच्या बाकावरची मैत्रीण बौद्ध घरातली. पाठांतरात तिचाच पहिला नंबर. शाळा सुटताना फाटकाशी मी तिच्या आईला विचारलं, तुम्ही का बोलत नाही? तिने आधी पोरीला पाणी आणायला पाठवलं. मग म्हणाली, "तुम्ही बोललात तर ते तुमचं मत असतं. आम्ही बोललो की आमची जात निघते. पोरीला दहावीपर्यंत इथंच काढायचंय."

त्याच रात्री मी अर्ज लिहिला.

पूर्वी मीच म्हणायचे, श्लोकांनी जीभ वळते, कुणाचं काय बिघडतं? जीभ वळते, हे आजही मानते. पण त्या बाईला गप्प राहावं लागतं, हे तेव्हा माझ्या हिशेबातच नव्हतं.

आता पठणाच्या वेळी माझी मुलगी वाचनालयात एकटी बसते. "मला सगळं पाठ आहे, मग मलाच का काढलंस?" म्हणून भांडते. तिला पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

शाळेत धर्माचं नावच नको, असं माझं म्हणणं नाही. पूजापाठ वेगळा आणि धर्मांविषयी शिकणं वेगळं, हा फरक देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने 1966 मध्येच केला होता. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर का, तिथलं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला का बसावं लागलं, 1956 साली नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा का घेतली, रोजे का धरतात, हे सगळं दोघी मैत्रिणींनी एकाच बाकावर बसून शिकावं.

शिकवणार मात्र तेच सर, "तुम्ही तर आपल्याच" म्हणणारे. याची मला धास्ती वाटते. आणि सासरे म्हणतात, असलं शिकवलंत तर पोरांची भक्ती उडेल. माझी उडाली नाही. मुलीचं काय होईल, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.