टाके मोजणाऱ्या गिऱ्हाइकांनी उभा केलेला गोधडीचा धंदा : आमची वाटचाल

आमच्याकडची बाई गोधडी हातात घेतली की आधी ती उलटी करते. वरचे रंग, ठिगळांची मांडणी हे सगळं नंतर. मागचा टाका पुढच्याइतकाच बारीक पडलाय का, ओळ वाकडी गेलीय का, कोपऱ्यात थर गोळा झालाय का, एवढं बघून झालं की मग विचारते, "कुणी शिवली?" कराडच्या प्रदर्शनात गोधडी मांडायची म्हणजे अशा पारखी नजरेपुढे मांडायची. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात लोक लांबूनच "किती छान" म्हणतात आणि पुढे जातात. इथे टाके मोजतात. आमचा धंदा उभा राहिला तो या टाके मोजणाऱ्या बायकांमुळे.

सुरुवात बचत गटातून झाली. गटातल्या बहुतेक जणींना दुसरा कुठला हुन्नर नव्हता असं नाही, पण गोधडी सगळ्यांना येत होती. कुणी आईकडून शिकलेली, कुणी सासूकडून. माझ्या सासूबाईंचा हात तर गावात नावाजलेला. कडेपासून दोरा घालत, चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, आणि दोन ओळींत बोटभरच अंतर, ही त्यांची पद्धत. आजही आमच्याकडे नव्या बाईचं काम तपासताना आम्ही ओळींमध्ये बोट ठेवूनच बघतो. गटाचं कर्ज, थोडी घरची शिल्लक, पुढे उद्यम नोंदणी, बँकेत चालू खातं; ही कागदाची बाजू सगळ्यांचीच असते तशीच आमची.

कराडला दरवर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं कृषी-औद्योगिक प्रदर्शन भरतं. २५ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, त्यांच्या समाधीच्या दर्शनाला आलेली माणसं तशीच प्रदर्शनाकडे वळतात. लोक येतात ते ट्रॅक्टर, बियाणं, बैल बघायला. पण घरची बाई बरोबर असते आणि तिची पावलं बचत गटांच्या रांगेकडे वळतात. नुकती थंडी पडायला लागलेली असते. गोधडीला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

तरीही सुरुवातीला विक्री नव्हती. येणारी प्रत्येक जण कौतुक करायची आणि म्हणायची, "आमच्या घरात ढिगानं हायत्या वाकळा, इकत कशाला घ्यायच्या?" बरोबरच होतं. शेजारच्या मांडवात पानिपतची मऊ ब्लँकेटं निम्म्याहून कमी भावात मिळत होती, पलीकडे सोलापुरी चादरी होत्या. आमच्या गोधडीची किंमत ऐकून माणसं दबकत होती. किंमत कमी करायचा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही तो ऐकला नाही. किंमत कमी झाली असती ती शिवणारीच्या मजुरीतून, कारण जुन्या कापडात पैसा नसतोच, सगळा पैसा हाताचा असतो.

म्हणून आम्ही स्टॉलवर एक अर्धवट शिवलेली गोधडी अंथरली आणि गटातली एक जण तिथेच बसून दोरा घालू लागली. त्याचा परिणाम आम्हालाही अपेक्षित नव्हता एवढा झाला. बायका वाकून बघायच्या, मग टेकायच्या, मग सुई मागायच्या. तांबव्याकडच्या एक आजी आल्या, चष्मा सारखा केला, सुई घेतली आणि एका दमात सुईवर सात-आठ टाके भरून ओढले. म्हणाल्या, "पोरी, दोरा लई लांब घेतीस. हातभरच घ्यावा, गुंतत न्हाई." त्यांची नात बाजूला उभी होती, कॉलेजातली. तिनं प्रयत्न केला, चार टाक्यांत बोटाला सुई टोचली, आणि मग तिनंच आईला सांगितलं, "आई, ही महाग नाही गं." तेव्हापासून स्टॉलवर शिवणारी बाई बसलेली असतेच. घासाघीस करणाऱ्याला आम्ही भाव समजावत बसत नाही, त्याच्या हातात सुई देतो.

पण खरा धंदा वेगळ्याच बोलण्यातून निघाला. "माझ्याकडं आईची लुगडी हायत, त्याची करून द्याल का?" हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला की आमच्या ध्यानात आलं, घरात गोधड्या आहेत, जुन्या साड्याही आहेत, आता राहिली नाही ती शिवणारी. आजी गेली, आईचे डोळे गेले, सून नोकरीला. म्हणजे आमच्याकडे विकायला होतं ते शिवणं. आम्ही स्टॉलवर ऑर्डरची वही ठेवली आणि चित्र पालटलं.

याला आमच्याकडच्या रीतीचीही साथ आहे. घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीला नाहीतर विहिरीवर नेऊन धुतात. त्या धुण्यातच कळतं कुठली गोधडी फाटली, कुठली आता टाकायच्या लायकीची झाली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आमचा स्टॉल लागतो. फाटक्या गोधडीवर नवं लुगडं चढवून पुन्हा दोरा घालून देणं, हे काम म्हणून खूप येतं. लहान बाळाची दुपटी मात्र तयारच ठेवतो. ती हातोहात जातात, स्टॉलचं भाडं, मांडणी, जेवणखाण त्यातून निघतं. मोठ्या गोधडीची ऑर्डर पुढे दोन-तीन महिने घरी येत राहते.

एकदा तीन बहिणी एकत्र आल्या. आई उन्हाळ्यात गेली होती. तिची नऊवारी लुगडी त्यांनी गाठोडं बांधून आणली होती, धुऊन, घड्या घालून. तिघींना एकेक गोधडी हवी होती आणि तिघींत प्रत्येक लुगड्याचा तुकडा यायला हवा होता. एका हिरव्या लुगड्याच्या पदरावर हळदीचा जुना डाग होता. आमच्या बाईनं तो भाग कापून आतल्या थरात घालायचा म्हणून बाजूला ठेवला, तर धाकटी म्हणाली, "तो वर घ्या, दिसू दे." तो तुकडा आम्ही तिच्या गोधडीत उशाकडच्या बाजूला लावला. अशा कामात हयगय चालत नाही. म्हणून गिऱ्हाइकासमोरच प्रत्येक साडीचा फोटो काढतो, वहीत लिहितो, नावाची चिठ्ठी कापडाला दोऱ्यानं टाचतो. उरलेला कपटासुद्धा परत देतो.

मजुरी आम्ही दोऱ्याच्या रिळावर देतो. गोधडीला जितकी रिळं लागली तितकी मजुरी. विरळ टाका घातला तर दोरा कमी लागतो आणि पैसेही कमी मिळतात, त्यामुळे घाई करण्यात कुणाचा फायदा राहत नाही. ही कल्पना गटातल्याच एका वयस्कर बाईंची.

पाटण-कराड भागातली किती तरी घरं मुंबईवर चालतात. माथाडी कामाला गेलेली माणसं कोपरखैरण्याला, घणसोलीला स्थायिक झाली, पण जत्रेला गावी येतात. चैत्रातल्या जत्रांच्या दिवसांत ती लुगडी आमच्याकडे देऊन जातात आणि तयार गोधडी एसटीनं किंवा गावच्या माणसाबरोबर पोचते. चैत्र आम्हाला सोयीचा, कारण गोधडी शिवायचे दिवस उन्हाळ्याचेच. शेतातली सुगी झालेली असते, दुपार मोठी असते, शिवलेलं ऊन खातं. पावसात कापड सादळतं आणि बायकाही भांगलणीला गेलेल्या असतात.

मध्यंतरी शहरातल्या एका दुकानदारानं मोठी ऑर्डर देऊ केली. मशीनवर शिवा, वरून चार ओळी हातानं घाला आणि "हस्तनिर्मित" चिठ्ठी लावा, असा त्याचा आग्रह. गटाची बैठक झाली, ऑर्डर नाकारली. रक्कम मोठी होती, आणि त्या महिन्यात दोघींच्या मुलांच्या फिया भरायच्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी एकीनंही हात वर केला नाही. त्या बैठकीचा मला फार अभिमान आहे.

यंदा ऑर्डर देणाऱ्यांना थोडी विनंती. सुती साड्या, धोतरं, लुगडी सगळ्यांत उत्तम. जॉर्जेट, नायलॉन आणल्यात तर आम्ही ती फक्त वरच्या नक्षीत थोडी वापरू, आत नाही, कारण थर घसरतो आणि अंगाला घाम धरतो. जरीचे काठ आम्ही उतरवून परत देतो, ते टोचतात आणि सुईही अडते. नवी साडी असेल तर खळ जाईपर्यंत दोनदा धुऊन आणा. एका माणसाच्या गोधडीला पाच-सहा साड्या पुरतात. थंडीच्या आत हवी असेल तर कापड पावसाळा उतरायच्या सुमाराला पोचवा. प्रदर्शनात दिलेलं काम आम्ही संक्रांतीनंतरच देऊ शकतो, आणि स्टॉलवर तसं स्पष्ट सांगतो.