गप्प बसण्याची मीटिंग

मीटिंग म्हटले की मला हाउसिंग सोसायटीचीच आठवते: सचिव इतिवृत्त वाचत असतात, तिघे एकदम बोलत असतात आणि पार्किंगचा विषय निघाला की कपातला चहा तसाच गार होतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर शेजारच्या आजींनी "रविवारी आमच्या मीटिंगला या" असे म्हटले, तेव्हा मी वही-पेन घेऊन गेलो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी उपासनेलाच मीटिंग म्हणतात, हे तिथे जाऊन कळले.

चौकोनात मांडलेली बाके, मधल्या टेबलावर थोडी फुले आणि भिंतीवर घड्याळ, एवढाच त्या खोलीचा थाट होता. क्रूस नव्हता, वेदी नव्हती, पाद्रीही नव्हता. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वराचा अंश आहे, मग मध्यस्थ कशाला, हा सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने लावून धरलेला विचार त्या उघड्या भिंतींवर आजही वाचता येतो. तासभर सगळे गप्प बसतात. ज्याला आतूनच बोलावेसे वाटेल त्याने उठून थोडके बोलावे आणि बसावे. (केनियातल्या बहुतेक क्वेकरांकडे मात्र पाद्री असतात आणि गाणीही होतात.) पहिली वीस मिनिटे माझे सारे लक्ष समोरच्या आजोबांच्या गुरगुरणाऱ्या पोटाकडे होते. मग एक बाई उठल्या, आपल्या आजारी बहिणीविषयी तीन वाक्ये बोलून बसल्या, आणि त्यावर कोणी हुंकारही दिला नाही. ती वाक्ये तशीच खोलीत राहिली. अखेरीस दोघांनी हस्तांदोलन केले, मग सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याशी, आणि उपासना संपली.

पुढे परवानगी घेऊन त्यांच्या कामकाजाच्या मीटिंगलाही बसलो. तिथेही सुरुवात मौनानेच होते आणि मतदान कधीच होत नाही. सभेचा कल कुठे आहे हे क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा सभासद, ओळखतो, ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो आणि सगळ्यांना मान्य होईपर्यंत त्यातले शब्द बदलतो. बहुमताने कोणाला गप्प बसवायचे नाही, ही कल्पना मला फार आवडली; पण तिची किंमतही मोठी आहे. पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले ते १६८८ साली, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ साली. मधली ८८ वर्षे सगळ्यांचे एकमत होण्याची वाट पाहण्यात गेली, आणि ती वाट गुलामांच्या खर्चाने पाहिली गेली, हे मौनाचे कौतुक करताना मला विसरता येत नाही.

त्या दिवशीचा विषय हीटर बदलण्याचा होता. एका आजोबांना तो खर्च पटेना. क्लार्कने सर्वांना थोडे शांत बसायला सांगितले. पाच मिनिटांनीही आजोबांना तो पटला नाही. विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि तसा ठरावही लगेच लिहून झाला. तोवर सगळ्यांनी, आजोबांसकट, अंगावरचे कोट काढलेच नव्हते.