तुम्ही विचारलंत म्हणून: "मग तिकडचे लोक आता पस्तावलेत ना?"

दर दिवाळीला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. आमचे डावे काका आशेने विचारतात, शेजारचे काका खवचटपणे, पण प्रश्न तोच, "तू त्या पूर्व युरोपातल्या सर्व्हेंवर काम करतेस ना, मग सांग, कम्युनिझम गेला म्हणून लोक पस्तावलेत ना?" आणि मी तोंड उघडेपर्यंत चकल्यांचं ताट पुढे गेलेलं असतं.

आकडा हवाय? घ्या. २००९ मध्ये प्यूवाल्यांनी (अमेरिकेतली सर्व्हे करणारी संस्था) विचारलं तेव्हा हंगेरीतले ७२ टक्के लोक म्हणाले, बहुतेकांची आर्थिक स्थिती कम्युनिस्ट काळापेक्षा वाईट आहे. डावे काका खूश. पण तेव्हा मंदी होती, कित्येकांची होमलोन्स स्विस फ्रँकमधली, तिकडचं चलन फोरिंट घसरलं आणि हप्ते भडकले, म्हणजे प्रश्न कम्युनिझमचा आणि उत्तर हप्त्याचं, निदान मला तरी तसंच वाटतं. आता दुसरा घ्या: ० ते १० च्या शिडीवर आपलं आयुष्य ७ किंवा त्याच्या वर आहे म्हणणारे हंगेरीत १९९१ ला ८ टक्के, २०१९ ला ४७. आता शेजारचे काका खूश. आणि मी दोघांनाही नकोशी.

पंचविशीतली मी असती तर ठणकावून सांगितलं असतं, तोच प्रश्न, तेच शब्द, सगळीकडे विचारा, झाली तुलना. तिला सोफियातल्या, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीतल्या, माझ्या घरमालकीणबाईंनी गप्प केलं.

प्रबंधासाठी मी एक छोटी प्रश्नावली आधी ओळखीच्यांवर करून बघत होते. बाई सत्तरीच्या, मी त्यांना बाबा म्हणायचे (तिकडे आजीला बाबा म्हणतात, हसू नका). विचारलं, जुन्या काळात तुमच्यासारख्यांचं बरं चाललं होतं का? त्यांनी मान आडवी हलवली, मी "नाही"वर खूण केली. बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो! मला हे माहीत होतं, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तरी हात आपल्या सवयीने चालला. आठवड्याने बाकीची उत्तरं जुळेनात तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, सरांनी सगळ्यांसमोर काढायची तेवढी लाज काढली आणि मी फॉर्म घेऊन परत बाबांकडे गेले.

तोच प्रश्न परत विचारला. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?"

मी कागद दाखवला, चूक माझी आहे, तुमची नाही, हे मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये दोनदा सांगितलं. त्या कागदाकडे बघत राहिल्या. हा कुणाकडे जाणार, माझं नाव आहे का यावर? नाही, फक्त नंबर. ज्या पिढीने स्टेट सिक्युरिटीच्या, म्हणजे कम्युनिस्ट काळातल्या गुप्त पोलिसांच्या, फायली बघितल्या तिला "फक्त नंबर" सांगून काय होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

"मग जे लिहिलंय तेच राहू दे," त्या म्हणाल्या.

आता म्हणाल, मग कशाला या आकड्यांवर पगार घेतेस? घेते. हजार लोकांत अशा चुका इकडच्या तिकडे होऊन निघून जातात असं मी दुसऱ्यांना शिकवते पण, आणि बऱ्यापैकी खरंही आहे ते. भीती मात्र अशी इकडची तिकडे होत नाही, ती सगळ्यांना एकाच बाजूला ढकलते. पण कुठल्या, ते बाबांच्या बाबतीतही मला सांगता येणार नाही.

तो फॉर्म मी मोजला. "नाही" म्हणूनच.